दसऱ्याला काढली की पुन्हा गंज: बंदुकीच्या तेलाचं नेमकं कुठे चुकतं

खंडेनवमीच्या सकाळी पेटी उघडते, कॅनव्हासचं कव्हर निघतं आणि नळीवर तांबूस ठिपके दिसतात. जूनमध्ये भरपूर तेल चोळून ठेवलेली बंदूक. मग सँडपेपरने घासा, पुन्हा तेल, पुन्हा कव्हर, आणि पुढच्या दसऱ्याला पुन्हा तेच. आमच्या कुडाळ भागात शेती संरक्षणाचा परवाना असलेल्या कितीतरी घरांत हे वर्षानुवर्षं चाललंय. गेल्या वर्षी शेजारच्या तात्यांनी मला हाक मारली तीही याचसाठी. दुनळी पुढ्यात ठेवून म्हणाले, "रे, मिरगाच्या आधी नारळाचा तेल चोळलंय मी, बचक भरून. मगे गंज खयसून इलो?"

माझी नोकरी एमआयडीसीतल्या कारखान्यात मशीनच्या देखभालीत गेली. गंज आणि वंगण हेच रोजचं काम. घरी वडिलांच्या वेळची, आता माझ्या परवान्यावर असलेली ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची बंदूक आहे. तिच्यावर मी स्वतः बऱ्याच चुका केल्या आहेत, म्हणून तात्यांना जे सांगितलं ते इथे सविस्तर लिहितो.

हात लावण्याआधी बंदूक रिकामी आहे याची खात्री करा. काडतुसाची असेल तर मोडून, म्हणजे बिजागरीवर उघडून, दोन्ही नळ्यांत डोळ्यांनी बघा आणि बोट घालूनही बघा. ठासणीची असेल तर ठासायचा गज नळीत सोडा. रिकाम्या नळीत गज जिथवर जातो तिथे गजावर एक खूण कायमची करून ठेवावी. खूण बाहेर राहिली तर आत काहीतरी आहे, मग सफाई सोडून आधी ते प्रकरण जाणत्या माणसाकडून निस्तरून घ्या. आणि काडतुसं, दारू, केपा (ठासणीच्या बंदुकीत दारू पेटवणाऱ्या छोट्या टोप्या) हे सगळं सफाईच्या वेळी दुसऱ्या खोलीत.

आता गंज कुठे आहे ते नीट बघा, कारण जागेवरून कारण कळतं. पकडायच्या ठिकाणी बोटांच्या टोकाएवढे गोल ठिपके असतील तर तो हाताचा घाम आहे. नळीच्या एकाच अंगाला लांब पट्टा उठला असेल तर तिथे ओलं कव्हर किंवा भिंत टेकत होती. दुनळीच्या दोन नळ्यांमधल्या पट्टीच्या कडेने बारीक रेघ असेल तर पाऊस लागल्यावर तिथलं पाणी पुसलं गेलेलं नाही. आणि नळीच्या आत, विशेषतः दारू पेटते त्या मागच्या टोकाला खरखर लागत असेल, तर तिथे मीठ आहे. तात्यांच्या नळीवर पहिला आणि दुसरा, दोन्ही प्रकार होते. माझ्या ठासणीच्या बंदुकीला वर्षानुवर्षं शेवटचा होता.

मीठ हा शब्द मी उगाच वापरत नाही. काळ्या दारूत साधारण ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा आणि १० भाग गंधक असतं. बार काढल्यावर यातलं निम्म्याहून जास्त वजन धूर आणि राख होऊन घन रूपात उरतं, आणि ती राख म्हणजे मुख्यतः पोटॅशियमचे क्षार. ते हवेतली ओल ओढतात. जुन्या पद्धतीच्या केपांमध्ये पोटॅशियम क्लोरेट असतं, ते जळून पोटॅशियम क्लोराइड होतं, म्हणजे आपल्या खाण्याच्या मिठाचंच सख्खं भावंड. असं मीठ नळीत असताना वरून तेल ओतलं की काय होतं? तेलात मीठ विरघळत नाही. ते पोलादाला चिकटून तेलाच्या खाली तसंच राहतं, ओल ओढत राहतं, आणि आपण मात्र वरची चकाकी बघून समाधानाने कव्हर चढवतो.

हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं तेव्हा पटलं. एका जूनमध्ये साधे लोखंडी खिळे घेतले, सँडपेपरने चकचकीत केले, टर्पेंटाईनने पुसून कोरडे केले आणि एकेकाला एकेक तेल लावून पडवीत दोरीला टांगले. पागोळ्या लागणार नाहीत, पण ओली हवा लागेल अशा जागी. खोबरेल, करडईचं गोडं तेल, शिवणयंत्राचं तेल, डब्यातला स्प्रे, गाडीचं नवं इंजिन ऑइल, पेट्रोलियम जेली आणि कारखान्यात तयार माल पाठवताना लावतात ते गंजरोधक तेल, ज्याला आम्ही आरपी ऑइल म्हणतो. आणखी एक खिळा मुद्दाम मिठाच्या पाण्यात बुडवून वाळवला आणि मग त्याला सगळ्यात चांगलं, म्हणजे तेच आरपी ऑइल लावलं.

सगळ्यात आधी तांबडा झाला तो हा मिठाचा खिळा. आरपी ऑइल लावलेला! बिनमिठाच्या आरपी ऑइलचा आणि पेट्रोलियम जेलीचा खिळा गणपती येईपर्यंत जसाच्या तसा होता. इंजिन ऑइलनेही बराच तग धरला. शिवणयंत्राचं तेल खाली ओघळून टोकाशी थेंब झाला आणि वरचा भाग ठिपकाळला. स्प्रेचा खिळा काही दिवस छान होता, मग एकदम सुटला. खोबरेलाच्या खिळ्यावर आधी पिवळट चिकटपणा आला, वास मारू लागला आणि त्याखाली हिरवट तपकिरी डाग पडले. करडईचा खिळा कोरडा वाटला, पण नख लावलं तर वार्निशसारखा पापुद्रा. ही काही प्रयोगशाळा नव्हती, पण माझ्या पडवीच्या हवेचा कौल मला पुरेसा होता.

म्हणून "कुठलं तेल चांगलं?" या प्रश्नाला एका नावाचं उत्तर नाही. कामं तीन आहेत: मळ आणि मीठ काढणं, हलणारे भाग हलते ठेवणं, आणि पावसाळाभर पोलाद झाकणं. एका डब्यात तिन्ही कामं उरकायला गेलो की तिन्ही अर्धवट होतात.

पहिलं काम: धुणं

ठासणीच्या बंदुकीला पहिलं औषध पाणी. बंदुकीला पाणी लावायचं म्हटल्यावर जुनी माणसं दचकतात, आमच्या घरीही दचकली होती. पण क्षार पाण्यातच विरघळतात. बार काढला त्याच दिवशी, दुसऱ्या दिवशी नाही. निपल, म्हणजे केप बसते ती भोकाची नळी, काढता येत असेल तर काढून वाटीत गरम पाण्यात टाका. नळी दस्त्यातून सुटत असेल तर सोडवा, नाहीतर लाकडाला आणि कळीच्या (चाप-घोड्याच्या यंत्रणेच्या) भागाला पाणी लागणार नाही अशी तिरकी धरा. गजाला चिंधी गुंडाळून साबणाच्या कोमट पाण्याने आतून घासा. पहिली चिंधी शाईसारखी काळी येते आणि कुजक्या अंड्याचा वास येतो, तो गंधकाचा. चिंध्या बदलत राहा. पाणी नितळ येऊ लागलं की शेवटी उकळतं पाणी ओता. ते नळी तापवतं, आणि तापलेली नळी स्वतःच वाळते. इथे रेंगाळलात तर पाचदहा मिनिटांत आत पिवळसर झाक येते, म्हणून कोरड्या चिंध्या आधीच कापून शेजारी ठेवा आणि नळी कोमट असतानाच तेलाची चिंधी फिरवा.

दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा एकेक चिंधी फिरवायची. आमच्या गावातले निवृत्त सुभेदार याला "नळीला घाम सुटतो" म्हणतात. खाचांत दडलेला अंश दोन दिवसांनी वर येतो आणि चिंधीवर तपकिरी दिसतो. दिसला की परत धुवा. हे एवढं केल्यापासून माझ्या बंदुकीचा आतला गंज थांबला, आणि तेल मी तेच वापरत होतो.

तात्यांसारख्या १२ बोअरच्या दुनळीत आजची प्लॅस्टिकच्या नळकांड्याची काडतुसं वापरत असाल, तर बिनधुराच्या दारूची राख इतकी खारट नसते. तिथे पाण्याची गरज नाही. पण छऱ्यांखालचा प्लॅस्टिकचा वॉड (दारू आणि छरे यांच्यामधला बुच) नळीत पातळ करड्या रेघा सोडतो, आणि त्या रेघांखाली ओल अडकून गंज धरतो. पितळी तारेचा ब्रश, टर्पेंटाईन किंवा नायट्रो सॉल्व्हंट (बिनधुराच्या दारूचा मळ सोडवणारा द्राव), मग कोरडी चिंधी. खिडक्या उघड्या, विडी-काडी दूर. रॉकेल मळ सोडवायला चालतं, पण ते उडून गेल्यावर मागे काही संरक्षण राहत नाही. रॉकेलने पुसून तशीच ठेवलेली बंदूक म्हणजे उघडं पोलाद.

आणि चिंच, आमसूल, लिंबू नळीच्या आसपासही नको. समई उजळते म्हणून बंदूकही उजळेल असं वाटतं, आणि उजळतेसुद्धा, कारण आम्ल नळीवरचा काळा-निळा मुलामा खाऊन टाकतं. हा मुलामा म्हणजे लोखंडाचाच ऑक्साइड, मुद्दाम चढवलेला, तेल धरून ठेवणारा. तो गेला की पुढचा गंज दुप्पट वेगाने. बाजारातली गंज काढायची पाणीदार औषधंही बहुतेक फॉस्फोरिक आम्लाची असतात, तीही इथे नकोत. वरचे ठिपके घालवायला सगळ्यात बारीक, चार शून्यांच्या (००००) नंबरची स्टील वूल तेलात भिजवून अलगद फिरवा. सँडपेपर तात्यांच्या हातातून मी काढूनच घेतला.

दुसरं काम: चाप आणि घोडा

इथली तक्रार वेगळी आणि जास्त काळजीची. जानेवारीच्या पहाटे रानडुकरं शेतात उतरतात, हवेत बार काढायला जावं तर नुसता खट्. दुपारी त्याच काडतुसाने बार जातो. तात्यांना वाटायचं काडतुसं ओली झाली. मी न गेलेलं काडतूस हातात घेऊन टिकलीवरची, म्हणजे बुडाला पिन ठोकते त्या गोल चकतीवरची, खूण बघितली: नुसती पुसट खळी, नखाने टोचल्यासारखी. नेहमीच्या वापरलेल्या काडतुसावर खोल वाटीसारखा खड्डा होता. म्हणजे दोष काडतुसात नव्हता, ठोकणारी पिनच सुस्त होती.

कारण खोबरेल. ते साधारण २४ अंशांच्या खाली थिजतं. बाटलीतलं थिजलेलं आपण उन्हात ठेवतो, पण पिनेच्या भोवतीचं थिजलेलं कोण बघतो? करडई, जवस यांची गत आणखी वाईट. ही सुकणारी तेलं, हवेने घट्ट होत जातात. बिडाच्या तव्याला तेल मुरवून जो काळा कडक थर येतो, तोच प्रकार पिनेवर आणि स्प्रिंगवर हळूहळू होतो. तव्याला वरदान, चापाला शाप. खाण्याचं कुठलंच तेल कळीच्या भागात घालू नका, तूपही नाही. इंजिनमधून काढलेलं काळं तेल तर मुळीच नको, त्यात आम्ल, पाणी आणि धातूची कीस सगळं असतं.

खट् झाल्यावर लगेच बंदूक मोडू नका. कधीकधी बार उशिरा जातो. तोंड सुरक्षित दिशेला तसंच धरून काडतुसाच्या बंदुकीत निदान अर्धा मिनिट आणि ठासणीच्या बंदुकीत दोन-तीन मिनिटं थांबा.

या भागाला पातळ खनिज तेल हवं, गन ऑइल म्हणून मिळतं ते उत्तम, नाहीतर शिवणयंत्राचं स्वच्छ तेल. आणि किती? सुईच्या टोकावरून एक थेंब. पिनेला एक, घोड्याच्या खिळीला एक, बस्स. जास्तीचं तेल धूळ आणि राख धरून लापशी करतं आणि झिरपून काडतुसाच्या टिकलीत गेलं तर काडतूसच निकामी. ठासणीच्या बंदुकीत याचा नेहमीचा नमुना म्हणजे केप फुटते पण आत दारू पेटत नाही: निपलच्या भोकात तेल साचलेलं असतं. भरण्यापूर्वी नळी कोरड्या चिंधीने पुसा आणि निपलमधून बारीक तार फिरवून भोक मोकळं करा. दुनळी मोडते तिथल्या बिजागरीला मात्र तेलापेक्षा ग्रीस बरं, कारण तिथे पोलाद पोलादावर दाबून घासतं. मोहरीएवढं ग्रीस दोन्ही बाजूंना.

थर आधीच बसला असेल तर वरून नवं तेल घालून तो सुटत नाही. कळ उघडून धुवावी लागते. ते काम दुरुस्तीचा परवाना असलेल्या कारागिराकडेच द्या. स्प्रिंगा ताणलेल्या असतात, आणि स्क्रूची खाच एकदा मोडली की बंदुकीचं रूप जातं.

स्प्रेबद्दल थोडं, कारण सगळ्यात जास्त विचारणा त्याची होते. डब्ल्यूडी-४० हे १९५३ सालचं, अमेरिकेत सॅन डिएगोत अॅटलस क्षेपणास्त्राच्या बाहेरच्या पत्र्याला गंज लागू नये म्हणून तयार केलेलं. नावातलं डब्ल्यूडी म्हणजे पाणी हटवणारं आणि ४० म्हणजे चाळिसावा प्रयत्न. पावसात भिजलेल्या बंदुकीतलं पाणी बाहेर काढायला ते सुरेख आहे. पण त्यातला मोठा भाग उडून जाणारा द्राव आहे, मागे राहणारा थर पातळ. पाणी निघालं की पुसून घ्या आणि खरं तेल लावा. त्याच्या जिवावर चार महिने बंदूक ठेवू नका.

परदेशी तेलांपैकी एक मला मनापासून आवडतं. बॅलिस्टॉल, १९०४ साली जर्मनीत सैन्यासाठी बनवलेलं. ते किंचित अल्कधर्मी आहे आणि पाण्यात मिसळलं की दुधासारखं पांढरं होतं, लेथवरच्या कूलंटसारखं. म्हणून काळ्या दारूची राख धुवायला पाण्यातून आणि मग नुसतं संरक्षणाला, असं दोन्हीकडे चालतं. मिळालं तर घ्या, नाही मिळालं तर गरम पाणी आणि आरपी ऑइल यांनी माझं काही अडलेलं नाही.

काळ्या दारूच्या बाबतीत चरबीचं वंगण जुन्या काळी का वापरत, हेही यातून कळतं. १८५७ साली एन्फिल्डच्या काडतुसांवरच्या चरबीवरून काय पेटलं ते आपण शाळेतच शिकतो. ती चरबी तिथे होती ती गोळी ठासताना सहज उतरावी आणि आतली राख मऊ राहावी म्हणून. तेच काम मधमाश्यांचं मेण आणि तेल यांनीही होतं, आणि इंग्रजांनी शिपायांना नंतर तशी मुभा दिलीही, पण तोवर विश्वास गेला होता.

तिसरं काम: पावसाळा

मृगाच्या आधी, कोरड्या उन्हाच्या दिवशी बंदूक बाहेर काढा. हातात सुती मोजे घाला, नाहीतर पुसता पुसता घामाचे ठसे परत उठतात. नळी आतून-बाहेरून आरपी ऑइलने पुसा, पातळ सलग थर, ओघळ नको. कारखान्यात या तेलाचे दोन प्रकार येतात: तेलकट राहणारं आणि वाळून मेणासारखं होणारं. मेणासारखं होणारं नळीच्या बाहेर चालेल, कळीत अजिबात नको. आरपी ऑइल नसेल तर बाहेरून पेट्रोलियम जेली, बोटाने नव्हे तर फडक्याने.

कव्हर हा तर लपलेला चोर आहे. कॅनव्हास, रेक्झिन, आतला फोम, सगळे ओल धरतात. कव्हर बंदूक न्यायला-आणायला ठेवा, साठवायला नको. मी कुलूपबंद कपाटात, सुती कापडात सैल गुंडाळून ठेवतो, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. त्या निळ्याच्या गुलाबी झाल्या की तव्यावर मंद आचेवर परत निळ्या होतात. व्हीसीआय कागद मिळाला तर फारच छान, गंज रोखणारी वाफ सोडणारा, कारखान्यात पार्ट गुंडाळून पाठवतात तो. आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा काढून बघा. चार महिन्यांनी बघणं हेच खरं तात्यांचं चुकलं होतं.

उभी ठेवत असाल तर पावसाळ्यापुरती तोंड खाली करून, फडक्यावर. दस्ता खाली ठेवला की नळीतलं आणि कळीतलं तेल हळूहळू लाकडात उतरतं. लाकूड तिथे काळं, मऊ पडतं आणि एक दिवस दस्त्याच्या मनगटाच्या, म्हणजे हातात धरायच्या बारीक जागी चीर जाते. तात्यांच्या दस्त्याला ती गेलीच आहे. लाकडाला वेगळं तेल: जवसाचं, दोन-चार थेंब तळहाताने चोळून. सुकणारं तेल लाकडाला हवंच असतं. फक्त जवसाच्या तेलाचं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं. पसरून वाळवा किंवा पाण्यात भिजवून टाका.

दसऱ्याची पूजा हाही गंजाचा मुहूर्त ठरतो. ओल्या झेंडूची माळ, पाण्यात कालवलेलं हळद-कुंकू, नारळाचं पाणी, हे सगळं रात्रभर नळीवर राहतं आणि फुलांच्या आकाराचे डाग उठतात. आम्ही आता बंदूक कोरड्या कापडावर ठेवतो, गंध दस्त्याला लावतो, माळ शेजारी. संध्याकाळी सोनं वाटून झालं की बंदूक पुसून, तेल लावून मगच कपाटात.

राहिली निवडणुकीची गोष्ट. आचारसंहितेत जमा करायचा आदेश आला तर बंदूक ठाण्यात द्यावी लागते आणि ती कुठे, कशी ठेवली जाईल ते आपल्या हातात नसतं. एका वर्षी माझी दीड महिन्याने परत आली तेव्हा नळीवर गोणपाटाच्या विणीसारखी तांबूस नक्षी होती. तेव्हापासून जमा करताना नळीच्या आत-बाहेर जेलीचा जरा जाड थर देतो, व्हीसीआय कागदात गुंडाळतो, आणि पावतीच्या वेळी बंदुकीची अवस्था लिहून घ्यायला विनंती करतो. परत आल्यावर पहिल्यांदा नळीत गज सोडून खूण बघतो. जेली तर काढावी लागतेच, पण महिनाभर उघड्या तोंडाने पडलेल्या नळीत कुंभारीण माशी मातीचं घर करते. मागच्या खेपेला गज मधेच अडला, आणि आतून सुपारीएवढा मातीचा गोळा निघाला, वाळून दगड झालेला. त्यावर बार काढला असता तर नळी हातातच फाटली असती. आता जमा करताना तोंडावर सुती फडक्याची टोपी बांधतो आणि तिच्यावर लाल दोरा, म्हणजे कोणाच्याही लक्षात येईल.